जॉन विकला एक पिल्लू पुरलं

आज दुपारी डबा खाताना कोरियन सिनेमांचा विषय निघाला. मी म्हटलं, परवा रात्री 'द व्हिलनेस' परत पाहिला. झालं. आमच्याकडचे एक साहेब, पन्नाशीचे, माणूस तसा भला, भेंडी चिवडत म्हणाले, "तो होय? मुलाने लावला होता. काहीही दाखवतात हो. पंचेचाळीस किलोची पोरगी एवढ्या धटिंगणांना लोळवते? जरा तरी लॉजिक नको?"

याच साहेबांनी मागे एका दाक्षिणात्य सिनेमाची गोष्ट आम्हाला हातवारे करून ऐकवली होती. त्यात हिरो बुक्कीने जीप उडवतो. तेव्हा लॉजिक बहुधा रजेवर होतं.

मी काही बोलले नाही. आता घरी येऊन कुकर लावलाय आणि टाइप करतेय. स्पॉयलर भरपूर आहेत, नंतर बोंबलू नका.

सिनेमा 2017चा. दिग्दर्शक जंग ब्युंग-गिल स्वतः स्टंट शिकलेला, स्टंटवाल्या पोरांवर आधी माहितीपट केलेला माणूस. नायिका सूक-ही, ती झालीय किम ओक-बिन. बहुतेक हाणामारी तिने स्वतः केलीय. कान महोत्सवात मध्यरात्रीच्या खेळाला दाखवला होता. पण हे सगळं सोडा. सुरुवात बघा फक्त.

सुरुवातीची कितीतरी मिनिटं ती दिसतच नाही. कॅमेरा म्हणजे तिचे डोळे. लांबलचक बोळ, अंगावर येणारी माणसं, आणि आपल्याला दिसतात ते फक्त तिचे हात. आधी हातात पिस्तूल, मग पाती. धापा ऐकू येतात. शेवटी एका व्यायामशाळेत कुणीतरी तिचं डोकं आरशावर आपटतं, तेव्हा कुठे त्या आरशात चेहरा दिसतो. तोवर ती बारीक की जाड, गोरी की सावळी, काही कळत नाही. साहेबांनी किलो नेमके कधी मोजले?

आता माझं ऐका. कॉलेजात असताना संगमनेरहून एसटीने नाशिकला येत होते. तुडुंब गर्दी, मी उभी. मागच्याचा हात ब्रेक लागला नसतानाही येत होता. आधी मी सरकले. मग दप्तर मध्ये धरलं. परत आला तेव्हा वळले आणि माझं कोपर त्याच्या नाकावर बसलं. रक्त आलं. आणि अख्खी गाडी बघायला लागली. त्याच्याकडे नाही हो, माझ्याकडे! ओढणी कुठे गेलीय, आवाज केवढा चढलाय, कुणाची असेल. कंडक्टर आला आणि पहिलं वाक्य काय? "ताई, नक्की काय केलं त्याने?"

म्हणून मला ती सुरुवात एवढी आवडते. बघ्यांना उचलून सरळ तिच्या डोळ्यांमागे नेऊन बसवतो हा सिनेमा. बघा म्हणावं आता इथून.

पण पुढे त्याच दिग्दर्शकाचा मला राग येतो. कारण कंडक्टरच्या त्या प्रश्नाचं उत्तर तो दोन तास देत बसतो. सूक-हीला राग का आला? तर लहानपणी पलंगाखाली लपून तिने बापाचा खून पाहिला. मग ज्याने वाढवलं, मारायला शिकवलं, त्याच्याशीच लग्न केलं, तर तो मेल्याची बातमी आली. त्याचा सूड घेतल्यावर सरकारी गुप्तचरांनी उचललं, चेहरा बदलला, पोटात मूल आहे म्हणून कोंडीत पकडलं. दहा वर्षं आमच्यासाठी माणसं मार, मग मोकळी. (त्या खुनी बायकांच्या शाळेत स्वयंपाकही शिकवतात बरं का. तिथेसुद्धा सुटका नाही.) मग शेजारी राहायला आलेला भला माणूस. तोही त्याच खात्याचा, पाळतीवर ठेवलेला. त्याच्याशी लग्न लागायच्या दिवशी हुकूम येतो. नवरीच्या पांढऱ्या झग्यात ती बाथरूममध्ये बंदूक जोडून बसते, दुर्बिणीला डोळा लावते, आणि समोर पहिला नवरा. जिवंत. तेवढ्यानेही भागत नाही. पुढे हा दुसरा नवरा जातो, पोरगी जाते. आणि बापाचा खुनी कोण, तर तोच पहिला. एवढं सगळं झाल्यावर मग तिला कुऱ्हाड घेऊन बसमागे धावायची परवानगी मिळते.

आणि हॉलीवूडचा तो मारधाडवाला हिरो, जॉन विक? 2014च्या पहिल्या सिनेमात त्याचं कुत्र्याचं पिल्लू मारलं, गाडी चोरली. बस्स. सगळ्या जगाने शिट्ट्या मारल्या. बरं, पिल्लू वारलेल्या बायकोने पाठवलेलं होतं, मान्य. तरी पिल्लूच ना? 2019च्या तिसऱ्या भागात मोटारसायकलींवरची तलवारबाजी आहे, ती याच कोरियन सिनेमावरून सुचल्याचं त्यांच्या दिग्दर्शकाने उघड सांगितलंय. तलवारी नेल्या. रागाचे पुरावे जोडायची कटकट तेवढी तिच्याकडेच राहिली.

सिनेमा मध्ये रेंगाळतो, भूतकाळ-वर्तमानाची खिचडी होते, 1990च्या 'निकिता' या फ्रेंच सिनेमाची सावलीही आहे. असेल. मी काही परीक्षक नाही.

तर एसटी. त्या माणसाला कुणीतरी रुमाल दिला. खरंच दिला, चांगला धुतलेला, चौकटीचा. एकजण म्हणाला, "गर्दीत लागतो धक्का, एवढं काय?" मी कंडक्टरला सांगायला लागले आणि माझ्याच लक्षात आलं की मी गोष्ट वाढवतेय. एकदा नाही, किती वेळा. नुसता हात नाही, कसा हात. कारण जे झालं होतं ते पुरेसं वाटत नव्हतं कुणाला.

खिडकीजवळ एक आजी होत्या. नऊवारी, मांडीवर भाजीची पिशवी. त्यांनी काही विचारलं नाही. पिशवी पायाशी घेतली, सरकल्या आणि म्हणाल्या, "ये, बस." नाशिकपर्यंत आम्ही दोघी एका सीटवर अंग चोरून बसलो. त्यांनी मला अर्धी काकडी दिली. मीठ नव्हतं. आज्जी, असाल तिथे सुखी असा.

सिनेमात अशी एकही बाई नाही हे लिहिता लिहिता जाणवलं. वरिष्ठ अधिकारी बाई आहे, क्वॉन. तीही हुकूमच सोडते.

शेवटचं. बसमधली ती मारामारी. गाडीच्या बॉनेटवर बसून, मागे हात घालून स्टिअरिंग धरत ती बस गाठते. हे अशक्य आहे, मला कळतं. पण साहेब, तिथे वजनाचा काय संबंध? सगळं संपल्यावर पोलीस घेरतात आणि रक्ताने माखलेली सूक-ही हसायला लागते. नेटवर बरेच लोक म्हणतात, तिचं डोकं फिरलं, बिचारी. मला नाही वाटत. नुसती रडली असती तर सगळ्यांना बरं वाटलं असतं, ते काम ती करत नाही एवढंच.

तुमचं वेगळं मत असेल तर लिहा खाली, भांडू. फक्त 'बिचारी' लिहू नका.