वाघ दिसला नाही म्हणून पैसे परत?

बुद्धपौर्णिमा उलटली की आमच्या नागपूरच्या ग्रुपवर तोच वाद पेटतो. पौर्णिमेच्या चांदण्यात जंगलातले प्राणी मोजायला म्हणून काही हजार भरून रात्रभर मचाणावर बसायचं, आणि पाणवठ्यावर आलं कोण, तर दोन रानडुकरं आणि एक सायाळ! चुलतभाऊ म्हणतो, पैसे परत द्या. मामा म्हणतो, हे सोंगच बंद करा, आमच्या वेळी फुकट होतं.

मामाचं निम्मं तरी खरं. २००५ साली राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात वाघच उरले नसल्याचं उघड झालं आणि पावलांच्या ठशांवरची मोजणी निकालात निघाली. २०२२ च्या व्याघ्रगणनेतले महाराष्ट्राचे ४४४ वाघ आले ते जंगलात लावलेल्या, आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेरा ट्रॅपमधून आणि वनरक्षकांच्या पायपिटीतून, मचाणावरून नव्हे. माझं डोकं फिरतं ते चुलतभावामुळे. अरे, सायाळ दिसली ना? मग लिही ना सायाळ!

मी इथे इंग्लंडात, रेडिंगला, ब्रीडिंग बर्ड सर्व्हेसाठी, म्हणजे विणीच्या हंगामातल्या पक्षीगणनेसाठी, पक्षी मोजतो. एक किलोमीटरचा चौकोन वाट्याला येतो, आवडीनिवडीला वाव नाही. मला अर्धी इंडस्ट्रियल इस्टेट मिळाली. एप्रिल ते जूनमध्ये दोन सकाळी तेच दोन रस्ते चालायचे, दर दोनशे मीटरला नवा रकाना, पक्षी पंचवीस मीटरच्या आत की पलीकडे तेही लिहायचं. टायरच्या दुकानामागे एक रॉबिन, बाकी कबुतरं. १९९४ पासून लोक हे करताहेत, म्हणून तर कुठला पक्षी कमी झाला ते कळतं.

हे सगळं ग्रुपवर ऐकवलं. मामाचं उत्तर: "तिकडे वाघ नाहीत, म्हणून कबुतरं मोजता बाप्पा."

लागलं. कारण पहाटे हातात क्लिपबोर्ड असला की कुत्रा फिरवायला निघालेले लोक थांबून विचारतात, आज काय दिसलं? एरवी विचारतात, मूळचे कुठले? नागपुरात उतरलो की ऑटोवालाही तेच विचारतो.

मग मामेबहिणीनं तोंड उघडलं. दर जानेवारीत ती आणि तिच्या मैत्रिणी तलावावर बदकं मोजतात, आकडे एशियन वॉटरबर्ड सेन्ससला, म्हणजे आशियातल्या पाणपक्ष्यांच्या गणनेला जातात. १९८७ पासून चालू आहे ते. "तू डिसेंबरात येतोस, हुर्डा खातोस आणि जातोस. तुला काय माहीत?"

म्हटलं, यंदा जानेवारीत थांबतो, एक तलाव मला दे. म्हणाली, नवख्यांना मोजायला देत नाही, नोंदी लिहायला बस.