नोंदी कंपनीच्या कपाटात

ब्रिटनमध्ये पीएफआय करारांची (खासगी कंपनीने शाळा, रुग्णालयं बांधायची, सांभाळायची, सरकारने वर्षानुवर्षं तिला पैसे द्यायचे आणि मुदत संपली की इमारत ताब्यात घ्यायची) मुदत संपत आलीय आणि ते हाताळायला सरकारी खात्यांकडे जाणकार माणसं नाहीत, हा लेखाचा मुद्दा पटला. पण ‘पगार वाढवा, माणसं मिळतील’ हा त्यातला उपाय भाबडा वाटतो. असे ७०० च्या वर करार झाले, बरेचसे २५-३० वर्षांचे. तेवढी वर्षं शाळा सांभाळली कंपनीने. छप्पर कधी दुरुस्त झालं, बॉयलर अजून किती वर्षं चालेल, या नोंदी तिच्याच कपाटात. करारावर सह्या करणारे अधिकारी केव्हाच निवृत्त झाले. छोट्या कौन्सिलला (म्हणजे तिथल्या पालिकेला) असा करार एकदाच संपवायचा असतो. समोरच्या वकिलांचं ते रोजचंच काम! त्यात इमारत कोणत्या अवस्थेत परत करायची, हे जुन्या करारांत अनेकदा मोघम लिहिलेलं, म्हणजे भांडण ठरलेलंच. तयारी ७ वर्षं आधी सुरू करा, असं तिथलं सरकारच सांगतं, तरी कित्येक ठिकाणी तहान लागल्यावर विहीर खणणं चालू आहे. प्रत्येक कौन्सिलने महागडे सल्लागार नेमण्यापेक्षा (करार लिहितानाही सल्लागारच होते म्हणा!) केंद्राने इंजिनिअर आणि वकिलांचं एक फिरतं पथक ठेवावं. एका शाळेत शिकलेलं पुढच्या रुग्णालयात तरी कामी येईल.