काळ्या फिल्मचा तो मेसेज अर्धाच खरा आहे

नाशिकच्या ग्रुपवर दोन दिवस फिरतंय की आता गाडीच्या काचांना ५० टक्के फिल्म, म्हणजे निम्मा उजेड आत सोडणारी, सगळीकडे चालते, पोलीस अडवूच शकत नाहीत. थांबा जरा. अमेरिकेत राज्यागणिक नियम वेगळा, टेक्सासमध्ये पुढच्या बाजूच्या काचेतून २५ टक्के उजेड आला तरी चालतो, कॅलिफोर्नियात ७० लागतो. आपल्याकडे तसं नाही, केंद्राचा एकच नियम, पुढची-मागची काच ७० टक्के आणि बाजूच्या ५०, आणि २०१२ ला सुप्रीम कोर्टाने वरून चिकटवायच्या फिल्मलाच बंदी घातली.

मेसेज आला कुठून, तर २०२४ मध्ये केरळ हायकोर्टाने नव्या नियमांच्या आधारे या टक्क्यांच्या आत फिल्म चालेल म्हटलं, पण तो निकाल नाशिकच्या मुंबई नाक्यावर दाखवून पावती टळेल या भ्रमात राहू नका.

आणि गणित बघा ना, मूळ काच ७५ टक्क्यांची असेल तर त्यावर ५० ची फिल्म लावून उरतात साडेसदतीस, म्हणजे केरळातही नापास! बाकी एप्रिलच्या उन्हात फिल्मने गाडी कमी तापते हे खरंच, पण काळी म्हणजे जास्त थंड असं काही नसतं, चांगली फिल्म जवळजवळ पारदर्शक असूनही उष्णता अडवते.