रायझिंग स्टार आणि गमावलेली वर्षे

मेलबर्नला राहायला आल्यापासून ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या महिला लीगचा हंगाम मी नेमाने पाहते. वर्षाच्या आरंभी एकवीस वर्षे पूर्ण न झालेल्या खेळाडूंमधून निवडल्या जाणाऱ्या 'रायझिंग स्टार'ला पुष्कळ जण दुय्यम पुरस्कार मानतात. मला मात्र तो या लीगचा सर्वांत अर्थपूर्ण पुरस्कार वाटतो, आणि त्याचे कारण आहे एरिन फिलिप्स, जिला तो कधी मिळणे शक्यच नव्हते.

एरिनचे वडील ग्रेग फिलिप्स हे याच खेळातल्या पोर्ट ॲडलेड क्लबचे नामांकित खेळाडू. ती मुलांच्या संघातून खेळत वाढली, परंतु तेराव्या वर्षानंतर मुलींना पुढे वाटच नसल्यामुळे तिला हा खेळ सोडून बास्केटबॉलकडे वळावे लागले. २०१७ मध्ये महिला लीग सुरू झाली तेव्हा तिने तिशी ओलांडली होती, आणि तरीही ॲडलेड या दुसऱ्या क्लबकडून खेळताना त्या पहिल्याच हंगामात ती लीगची सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरली. तिचे कौतुक करताना मधली सतरा-अठरा वर्षे मला आठवत राहतात. तिच्याच संघातली एबनी मॅरिनॉफ त्या वर्षी पहिली रायझिंग स्टार झाली. एबनीला लीग विशीच्या आतच मिळाली आणि २०२४ मध्ये तीही सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरली. कार्लटनच्या मॅडिसन प्रेस्पाकिसने तर २०१९ मध्ये रायझिंग स्टार होऊन पुढच्याच वर्षी तो सर्वोच्च मान मिळवला.

२०२२ मध्ये वेळापत्रक बदलल्यामुळे एकाच वर्षात दोन हंगाम झाले. त्यांतल्या दुसऱ्या हंगामात पोर्ट ॲडलेडचा महिला संघ प्रथमच उतरला, तेव्हा कर्णधार होती एरिन, वय ३७. आणि रायझिंग स्टार ठरली तिच्याच संघातली, अजून विशीही न गाठलेली हॅना युइंग्ज. वडिलांच्या क्लबचा तो पोशाख एरिनला किती उशिरा मिळाला आणि हॅनाला किती वेळेवर, हे पाहताना माझा गळा दाटून आला होता.

म्हणूनच या पुरस्काराची वयोमर्यादा मला मान्य आहे. मात्र तिच्या मोजणीबाबत माझी एक तक्रार आहे. २०१७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लबांनी नव्या खेळाडूंना क्रमाने निवडण्याच्या प्रक्रियेत, पहिल्या क्रमांकावर निवडली गेलेली वेस्टर्न बुलडॉग्सची इझाबेल हंटिंग्टन हिच्या गुडघ्याचा लिगामेंट पहिल्याच हंगामात फाटला आणि ती दीर्घ काळ मैदानाबाहेर राहिली. २०२० मध्ये ती रायझिंग स्टार झाली खरी, पण ते तिचे वयोमर्यादेतले शेवटचे वर्ष होते. गुडघ्याची ही दुखापत पुरुषांपेक्षा महिला खेळाडूंना अधिक प्रमाणात होते, हे या लीगमध्ये सर्वांनाच ठाऊक आहे. एरिनची वर्षे नियमांनी नेली. इझाबेलसारख्यांची वर्षे दुखापत नेते, आणि दोन्हीकडे दोष खेळाडूचा नसतो. ज्या मुलीचा संपूर्ण हंगाम दुखापतीत जातो, तिला वयोमर्यादेत एक वर्षाची सवलत लीगने द्यायला हवी.