‘हॅकर्सच्या जत्रे’बद्दल फिरणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

जर्मनीत हॅम्बुर्गला डिसेंबरच्या शेवटी हॅकर्सचा मोठा मेळावा भरतो, केऑस कम्युनिकेशन काँग्रेस. त्याबद्दल एक मेसेज सध्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय. म्हणे यांनी बँक लुटलीये आणि तेच ट्रेनिंग देतात, लहान पोरांना कुलपं फोडायला शिकवतात, फोन नेला की डेटा गेलाच, मागे मोठ्या कंपन्यांचा पैसा आहे आणि सगळं बंद दाराआड चालतं. हे वाचून आमच्या मावशीनं तिकडे शिकणाऱ्या लेकीला फोन करून शपथ घातली की तिकडे फिरकायचं नाही. पोरगी तिथे स्वयंसेवक म्हणून जाणार होती! वाचून डोकंच फिरलं.

आधी बँकेचं, कारण सगळ्यात मोठा खोटेपणा तिथेच आहे. गोष्ट नोव्हेंबर 1984 ची. जर्मन पोस्टखात्याची बीटीएक्स नावाची सेवा होती, टीव्ही आणि फोनलाइनवरून माहितीची पानं बघायची, काही पानांना पैसे पडायचे, ते पानाच्या मालकाला मिळायचे. पोस्टखातं छातीठोकपणे सांगायचं की सिस्टीम एकदम सेफ. हा मेळावा भरवणाऱ्या केऑस कॉम्प्युटर क्लब या हॅकर्सच्या संघटनेच्या वाऊ हॉलंड आणि स्टेफेन वेर्नेरी यांनी हॅम्बुर्गच्या एका बँकेचा पासवर्ड मिळवला आणि बँकेच्या नावानं स्वतःच्याच क्लबचं 9.97 मार्कांचं पान रात्रभर पुन्हा पुन्हा उघडत ठेवलं, सकाळपर्यंत बँकेच्या नावावर जवळजवळ 1 लाख 35 हजार मार्क चढले. आणि मग? स्वतःच पत्रकारांना बोलावून सगळं दाखवलं, पैसे ठेवले नाहीत. लुटणारा माणूस असं करतो का हो? ज्या लोकांचे पैसे त्या सिस्टीमच्या भरवशावर होते त्यांना खरं काय ते कळलं, ते या दोघांमुळे.

डेटाचं म्हणाल तर या क्लबची लिखित आचारसंहिता आहे, त्यांच्या साइटवर कुणीही वाचावी. त्यात दोन नियम स्पष्ट आहेत: दुसऱ्याच्या डेटात घाण करायची नाही, आणि सार्वजनिक माहिती सगळ्यांना मिळू द्या पण खाजगी माहिती जपा. नुसतं लिहून ठेवलेलं नाही. 2024 च्या मेळाव्यात फोक्सवॅगन ग्रुपच्या सुमारे 8 लाख इलेक्ट्रिक गाड्यांचा डेटा, त्यातल्या लाखो गाड्या नेमक्या कुठे उभ्या होत्या त्यासकट, कसा उघडा पडला होता ते मांडलं गेलं, पण त्याआधी कंपनीला कळवून भोक बुजवायला लावलं. तुमचा डेटा कोण सांडतंय आणि कोण वाचवतंय ते यावरून ठरवा. तिथे तर न विचारता कुणाचा फोटोसुद्धा काढायचा नाही असा नियम आहे.

कुलपांचं अर्धं खरं आहे, मान्य. कुलूप चावीशिवाय कसं उघडतं हे तिथे टेबलावर बसून शिकता येतं, जर्मनीत तो रीतसर छंद आहे, त्याचे क्लब आहेत, आणि पहिला नियमच हा की कुलूप स्वतःचं हवं आणि वापरातलं नको. मुलांसाठी वेगळा दिवस असतो, त्यात सोल्डरिंग (वितळलेल्या धातूनं तारा जोडणं) वगैरे शिकवतात, दिवे लुकलुकणारं सर्किट पोरं स्वतः जोडतात. हेही खरं की ऐंशीच्या दशकात या वर्तुळातल्या काही पोरांनी चोरलेली माहिती केजीबीला, म्हणजे सोव्हिएत गुप्तहेर खात्याला, विकली. तो डाग आहेच, पण त्यावरून आजच्या प्रत्येक पोराला चोर ठरवणार?

बाकीचं दोन वाक्यांत संपतं. मेळावा चालतो तिकिटांवर आणि स्वयंसेवकांवर, त्यांना तिथे एंजल म्हणतात, दारावर उभं राहण्यापासून भाषणांचा लाइव्ह अनुवाद करण्यापर्यंत सगळं तेच करतात, पगार आयोजकांनाही नाही आणि भाषण करणाऱ्यांना मानधनही नाही. आणि बंद दार म्हणाल तर 2019 साली, मेळावा लाइपझिग शहरात भरायचा तेव्हा, 17 हजारांच्या आसपास माणसं आली होती आणि बहुतेक भाषणांचे व्हिडिओ मीडिया डॉट सीसीसी डॉट डीई वर फुकट पडलेत, बरेच इंग्रजीत आहेत, मेसेज पुढे ढकलण्याआधी त्यातलं एक तरी बघा.