पाठीवर मुक्काम, नोकरी मात्र हाताची

आमच्या लालबागच्या इमारतीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय आणि तोच मेसेज मला आतापर्यंत चार पेशंटनी मोबाइल पुढे करून दाखवलाय. ‘पाठीच्या ५ स्नायूंचं गुपित’ असा मथळा. आतला मजकूर थोडक्यात सांगते. ट्रॅपेझियस, लॅटिसिमस डॉर्साय, लेव्हेटर स्कॅप्युली आणि दोन ऱ्हॉम्बॉइड हे पाच स्नायू कण्याला ताठ धरतात, ते ढिले पडले की पोक येतं. पाचांनाही मानेतून एकच नस जाते, म्हणून रोज सकाळी मान दोन्हीकडे कडकडवली की सगळी पाठ मोकळी. फऱ्याजवळ, म्हणजे खांद्यामागच्या पसरट हाडाजवळ, हाताला लागणाऱ्या गाठी म्हणजे साठलेलं ॲसिड, ते टेनिस बॉलने फोडायचं. आणि दोन फऱ्यांच्या मध्ये दुखलं तर ते स्नायूचंच, डॉक्टरला पैसे घालू नका.

नावं पाचही बरोबर आहेत, हे आधी कबूल करते. लिहिणाऱ्याने पुस्तक उघडलं असणार, पण चित्र बघून मिटलं असावं.

कणा ताठ धरण्याचीच गोष्ट घ्या, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. हे पाच स्नायू कण्यापासून निघतात खरे, पण जाऊन चिकटतात कुठे? ट्रॅपेझियस कवटीच्या मागच्या कडेपासून पाठीच्या बाराव्या मणक्यापर्यंत पसरतो आणि गळपट्टीच्या हाडावर व फऱ्यावर संपतो. ऱ्हॉम्बॉइड आणि लेव्हेटरही फऱ्यावरच. लॅटिसिमस तर कंबरेपासून निघून बगलेखालून वळसा घेतो आणि दंडाच्या हाडाला पुढच्या बाजूने जाऊन भिडतो. म्हणजे पाचांचंही काम हात हलवणं. लालबाग-परळच्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. चाकरमानी खोलीत राहतो मुंबईत, पण सातबारा मालवणचा. हे स्नायूही राहतात पाठीवर, नातं मात्र हाताशी. लॅटिसिमसला चालवणारी नस कंबरेच्या मणक्यांतून येतच नाही. ती मानेतल्या मुळांपासून निघते आणि बगलेतून खाली उतरते, कारण गर्भात हा स्नायू हाताच्या अंकुरापाशी तयार होतो आणि मग पाठीवर पसरत जातो.

कणा धरणारे स्नायू यांच्या खाली, कण्याला लागून आहेत. इरेक्टर स्पायनी म्हणतात त्यांना, आणि त्यांच्या नसा प्रत्येक मणक्यापाशी मागच्या बाजूने थेट निघतात. उभं राहून कंबरेच्या मागे दोन्हीकडे अंगठे दाबा आणि किंचित पुढे वाका. अंगठ्याखाली जे ताठरतं ते हेच.

पुरावाच हवा असेल तर ऑपरेशन थिएटरमध्ये आहे. स्तनाच्या कर्करोगात स्तन काढल्यावर काही बायकांना पाठीचा लॅटिसिमस त्याच्या रक्तवाहिनीसकट पुढे वळवून नवा स्तन घडवून देतात. त्यानंतर त्या बाईचा कणा कोसळत नाही. वजन खेचताना, पोहताना त्या बाजूचा हात थोडा कमी पडू शकतो, इतकंच. तसंच मानेतली गाठ तपासणीसाठी काढताना कधी ट्रॅपेझियसची नस दुखावते. मग खांदा खाली ओघळतो, हात बाजूने डोक्याच्या वर जाईना होतो, पण कणा जागच्या जागी.

मेसेजच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. लॅटिसिमसचं मूळ कंबरेच्या जाड पडद्यात गुंतलेलं असतं, त्यामुळे तो आवळला की कंबरेला थोडा ताण पोचतो. तेव्हा अगदीच संबंध नाही असं नाही. पण त्यावरून ‘हे स्नायू कण्याचे खांब’ म्हणणं म्हणजे मांडवाच्या दोरीला बांबू म्हणण्यासारखं.

आता ती एकच नस. ट्रॅपेझियसची नस चक्क अकरावी मेंदूनस, म्हणजे कवटीतून बाहेर पडणाऱ्या नसांपैकी अकरावी, आहे आणि तिचा रस्ता बघून मला दरवेळी दादरकर आठवतो. संध्याकाळी कल्याण लोकलमध्ये बसायला जागा मिळावी म्हणून दादरचा माणूस आधी उलटा सीएसएमटीला जातो ना, तशी ही नस मानेतल्या मज्जारज्जूत उगवते, वर कवटीत शिरते आणि दुसऱ्या भोकातून परत मानेत उतरते. ऱ्हॉम्बॉइडची नस वेगळी, लॅटिसिमसची वेगळी, लेव्हेटरला तर दोन ठिकाणांहून पुरवठा. मान कडकडवल्याने यातली एकही ‘मोकळी’ होत नाही. तो आवाज सांध्यातल्या द्रवात तयार होणाऱ्या वायूच्या पोकळीचा. बरं वाटतं थोडा वेळ, मान्य. पण मानेला झटका देताना मेंदूकडे जाणारी धमनी आतून फाटल्याचे प्रसंग घडलेले आहेत. क्वचित, पण त्यातून पक्षाघात होतो. केस कापून झाल्यावर मान मोडून देणाऱ्या भाऊंनाही हे सांगा.

ॲसिडचं लवकर आटपते. व्यायामात तयार होणारं लॅक्टिक ॲसिड साधारण तासाभरात रक्तातून निवळतं. ते फऱ्यापाशी बिऱ्हाड करून राहत नाही. बोटाखाली सरकणारी ती दोरी पुष्कळदा फऱ्याच्या वरच्या कोपऱ्यावर चिकटणारा लेव्हेटरच असतो, आणि तो तिथे असायलाच हवा. खांदे कानाकडे ओढून तासन्तास मोबाइल बघितला की तो दुखतो. दाबल्याने आराम पडतो, तर दाबा. फोडायला मात्र तिथे काही नाही.

राहिलं शेवटचं, ज्यासाठी मी हे लिहायला बसले. फऱ्यांमधलं दुखणं बहुतेक वेळा स्नायूचं किंवा सांध्याचं असतं हे खरं, पण ‘स्नायूचंच’ हा एक ‘च’ जीवावर बेतू शकतो. हृदयविकाराची कळ पाठीत येऊ शकते, बायकांमध्ये विशेषतः. घाम, धाप, मळमळ सोबत असेल तर बॉल शोधत बसू नका, १०८ ला फोन करा. अचानक काहीतरी फाटल्यासारखी दोन फऱ्यांमध्ये कळ आली तरीही तेच. साधी कसोटी अशी की स्नायूचं दुखणं हात वर केल्यावर, मान वळवल्यावर कमीजास्त होतं. हालचालीशी काही देणंघेणं नसलेलं दुखणं आतलं असू शकतं.

आमच्याच दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी उजव्या फऱ्याखालची जागा आठ दिवस भिंतीला बॉल लावून रगडली. त्वचा काळीनिळी झाली तेव्हा मला बोलावलं. हात फिरवून बघितला, मान वळवली, काही फरक नाही. मग विचारलं, ‘काकू, दुखतं कधी?’ म्हणाल्या, ‘अगं, वडे-भजी खाल्ली की रात्री.’ सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. बॉल आता त्यांच्या नातवाकडे आहे.