युरोपात कुणाच्या घरी उतरायचं असेल तर

हॉटेलचे पैसे वाचतात म्हणून युरोपात लोकांच्या घरी राहा, असा सल्ला सध्या प्रत्येक ट्रॅव्हल ग्रुपवर फिरतोय. हेतू एवढाच असेल तर माझ्या मते सरळ हॉस्टेल बघा. भारतीय पासपोर्टवर हा प्रकार फुकट पडत नाही, आणि बऱ्याचदा बिल यजमानाच्या नावावर फाटतं.

शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच असलेल्या व्हिसासाठी, प्रत्येक रात्र कुठे काढणार ते दाखवावं लागतं. घरी उतरणार म्हटलं की देशागणिक कागद बदलतो. फ्रान्समध्ये यजमानाला स्वतः नगरपालिकेत जाऊन ‘आतेस्तास्याँ दाक्केय’ नावाचा दाखला काढावा लागतो. घराचा पुरावा, उत्पन्नाचा पुरावा, ३० युरोचा स्टॅम्प. अर्ज नाकारला तरी ते ३० युरो गेले. दाखला हातात आल्यावर मूळ प्रत भारतात पाठवायची. हे सगळं अनोळखी माणसाला करायला लावताय, हे लक्षात असू द्या.

जर्मनीतलं हमीपत्र त्याहून जड. पाहुण्याच्या राहण्याखाण्याचा, आजारपणाचा, वेळ आलीच तर परत पाठवणीचाही खर्च मी भरेन, असं यजमान सरकारला लिहून देतो. आपल्याकडे सख्खा मेहुणा अशा कागदावर सही करताना दहा वेळा विचार करेल! खर्च तुमचा तुम्ही करणार असाल तर ते मागूच नका. स्वतःचं बँक स्टेटमेंट आणि यजमानाचं साधं सहीचं निमंत्रणपत्र जोडा.

इटलीत भानगड पोचल्यावर सुरू होते. युरोपीय संघाबाहेरचा पाहुणा घरी आला की यजमानाने ४८ तासांत पोलिसांना लेखी कळवायचं, नाही तर दंड त्याला. तुम्ही दुसऱ्या शेंगेन देशातून आला असाल तर ८ दिवसांच्या आत तुमचीही नोंद ‘क्वेस्तुरा’त, म्हणजे तिथल्या पोलीस मुख्यालयात. हॉटेलवाले त्यांच्या पाहुण्यांची नोंद परस्पर करतात, म्हणून हे आपल्या गावीही नसतं.

म्हणून तीन आठवड्यांच्या प्रवासात घरं दोन, फार तर तीन; बाकी हॉटेल. आणि शेतावर काम करून त्या बदल्यात राहणं टुरिस्ट व्हिसावर नकोच. पगार नसला तरी ते काम धरलं जाऊ शकतं.

घर शोधायला मला ‘सर्वास’ सगळ्यात बरं वाटतं. प्रवाशांना सभासदांच्या घरी उतरवणारी, १९४९ साली डेन्मार्कमध्ये सुरू झालेली ही संस्था भारतातही आहे. आधी मुलाखत होते, मग यजमानांना दाखवायचं ओळखीचं पत्र मिळतं, आणि साधारणपणे दोन रात्रींचा मुक्काम. दोन रात्रींचा हा रिवाज फार शहाणपणाचा आहे. पहिल्या मेसेजमध्ये तारखा, माणसं किती, गाडी किती वाजता पोचते आणि काय खात नाही, एवढं हवंच. नुसतं ‘व्हेज’ लिहू नका. मासे आणि चिकनचं सूपही चालत नाही, असं लिहा.

आता स्वयंपाकघर. एक जेवण आपण करायचं, हे धरून चला, कांदेपोहे उत्तम. चौघांना ३०० ग्रॅम जाड पोहे, तीन कांदे, मूठभर दाणे, दोन मिरच्या पुरे. गोची फोडणीत आहे. तिथली काचेची, विजेची शेगडी बंद केली तरी तापलेलीच राहते, त्यामुळे गॅसच्या सवयीने भांडं तिथेच ठेवलं तर मोहरी करपते, धूर होतो आणि अलार्म कोकलतो. मोहरी तडतडली की भांडं उचलून बाजूला घ्या. आधी खिडकी उघडा, झाकण हाताशी ठेवा. हळदीचा चमचा पांढऱ्या ओट्यावर किंवा लाकडी पाटावर टेकवू नका, तो डाग निघत नाही. हिंगाची डबी दोन पिशव्यांत.

ताजा कढीपत्ता नेऊ नका. युरोपात नेताना भाजीपाल्याला आणि फळांना कीड-रोग नसल्याचं सरकारी (फायटोसॅनिटरी) सर्टिफिकेट लागतं, म्हणजे मे महिन्यातली हापूसची पेटीही गेली. तूप, खवा, पनीर यांना मनाई आहे, आणि पेढा म्हणजे खवाच. चिक्की, मसाले, सुका चिवडा न्या. गंमत म्हणजे नारळ चालतो! तिथे पोचल्यावर फुलं घ्यायची असतील तर शेवंती नको. फ्रान्स, इटली, पोलंडमध्ये ती थडग्यावर वाहतात.

न्हाणीघरात शॉवरच्या जागेबाहेर बहुधा पाणी जायची जाळी नसते. बादलीने आंघोळ केली तर पाणी फरशीखाली मुरतं आणि खालच्या मजल्यावर गळतं. बऱ्याच घरांत गरम पाणी टाकीचं असतं. तुम्ही वीस मिनिटं घेतलीत तर शेवटच्या माणसाला गार. आंघोळ कुणाची कधी असते, ते पहिल्याच संध्याकाळी विचारून घ्या. निघायच्या आदल्या रात्री हेही विचारा, की चादर आणि अभ्रे काढून कुठे ठेवायचे.